अंगणात उतरलेली शाळा : बोर्डी ते कोसबाड

मुंबईहून पश्चिम रेल्वेने गुजरातच्या दिशेला निघाले की डहाणू रोड मागे पडते आणि घोलवड येते. स्टेशनाच्या एका अंगाला चिकूच्या वाड्या, सुरूचे बन आणि बोर्डीचा समुद्र. दुसऱ्या अंगाला चढत जाणारा रस्ता आणि कोसबाडची टेकडी. या दोन गावांमधले अंतर तसे थोडे. पण ग्राम बाल शिक्षा केंद्र या संस्थेला समुद्रकाठावरून टेकडीवर पोचायला एका तपाहून थोडा कमी काळ लागला आणि त्या काळात तिने जे शोधून काढले, ते पुढे सबंध देशाच्या कामी आले.

आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो कुणाला तरी सुचावा लागला, हे आता लक्षातही येत नाही. तो सुचला तो या वाटेवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन शिक्षिकांच्या नावाशी ही वाटचाल कायमची जोडलेली आहे. ती सांगताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मूल शाळेत आले नाही की दोष मुलाला किंवा त्याच्या आईबापांना द्यायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. या संस्थेने दर वेळी दोष स्वतःकडे घेतला आणि शाळा बदलली.

भावनगरची शिदोरी

या कामाची मुळे रोम आणि भावनगर या दोन शहरांत आहेत.

६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले ‘बालगृह’ सुरू केले. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट हिंडणारी मुले, आणि त्यांच्याच चाळीतली एक खोली. या मुलांना कुणी पाठ घोकायला लावले नाहीत. हात, डोळे, कान वापरायला साधने दिली आणि हवे ते निवडून हवा तेवढा वेळ त्यात रमू दिले. मुले शांत झाली, नेटकी झाली आणि कुणी मागे न लागता लिहू-वाचू लागली. लहान मूल म्हणजे भरायचे रिकामे भांडे, ही शेकडो वर्षांची समजूत त्या खोलीत मोडली. मूल स्वतःच स्वतःला घडवते, मोठ्यांनी त्याच्याभोवतीचे वातावरण तयार करायचे, हा विचार तिथून जगभर गेला.

तो भावनगरला पोचला गिजुभाई बधेका यांच्यामुळे. गिजुभाई व्यवसायाने वकील. आपल्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना माँटेसरींचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली सुटली. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांचा इतका जीव की गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, असे नाव दिले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटे पुस्तक मराठी शिक्षकांनीही आवडीने वाचले आहे.

ताराबाई तिथे आल्या १९२३ मध्ये. जन्म १८९२चा, माहेर प्रार्थना समाजाच्या केळकरांचे, शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. पर्यंत. त्या काळात एखाद्या मुलीने पदवी घेणे हीच मोठी गोष्ट. संसार टिकला नाही. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. मानाची, पगाराची ती जागा सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात मुलांमध्ये जाऊन बसल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. गिजुभाई ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत काढत. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीत सुरू केली. मुलाला मारू नये, त्याला भीती घालू नये, त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी मराठी घरांत पोचवायचे कष्टाचे काम या पत्रिकेने केले.

मुंबईत पडलेला प्रश्न

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मध्यमवर्गीय पालकांनी ते उचलून धरले. दट्टापेट्या, गुलाबी मनोरा, रंगपेट्या, स्वच्छ बैठका, शांतीचा खेळ, सगळे रीतसर. तिथे शिकून तयार झालेल्या शिक्षिका गावोगाव गेल्या. संस्था नावारूपाला आली होती. ताराबाई तिथेच थांबल्या असत्या तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

पण एक प्रश्न त्यांना सोडेना. ही पद्धत पैसेवाल्यांचीच होऊन बसली आहे का? साधनांचा एक संच घ्यायचा तर खर्च मोठा. खोली हवी, फरशी हवी, शिकलेली आई हवी. जी पद्धत रोमच्या मजूरवस्तीत जन्माला आली, ती हिंदुस्थानात मात्र शहरातल्या सुस्थित घरांपुरती उरली होती. शिशुविहारच्या आसपासच्याच वस्त्यांतली पोरे दाराबाहेर होती. ताराबाईंनी दादरमध्ये हरिजन मुलांसाठी बालवाडी चालवून पाहिली आणि तिथे त्यांना उमगले की खरी परीक्षा खेड्यात आहे. गिजुभाई १९३९ मध्ये गेले होते. दोघांनी मिळून सुरू केलेल्या कामाला खेड्याची वाट दाखवायची जबाबदारी आता एकट्या ताराबाईंवर होती.

तोच विचार देशातही घोळत होता. १९३७च्या वर्धा परिषदेतून निघालेली गांधीजींची नयी तालीम सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४५ पर्यंत गांधीजी तिच्याविषयी जन्मापासून मरणापर्यंतचे शिक्षण म्हणून बोलू लागले. मग सात वर्षांच्या आतल्या खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न कुणीतरी हातात घ्यायला हवा होता.

बोर्डी, १९४५

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी मुंबई मागे ठेवली आणि बोर्डी गाठली. गाव निवडण्यामागे विचार होता. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे बोर्डीत शिक्षणाची हवा आधीपासून होती, आणि गावाच्या वेशीपासून वारल्यांचे पाडे सुरू होत होते.

त्या वर्षी या पाड्यांवर काय चालले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची वाटचाल नीट कळत नाही. वारली माणूस जमीनदाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला होता. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य उसने घ्यायचे, त्याला खावटी म्हणत. लग्नासाठी पैसे घेतले की नवराबायको दोघे सावकाराचे ‘लग्नगडी’ होत, आणि ते कर्ज जन्मभर फिटत नसे. वेठ वेगळीच. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची मोठी परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची चाल मोडायचा निर्धार तिथे झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा काळ लिहून ठेवला.

त्या वर्षाच्या अखेरीला त्याच मुलखात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. एकीकडे मोठी माणसे मान वर करून उभी राहत होती आणि दुसरीकडे त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी कुणी गाणी घेऊन आले होते. दोन्ही कामांचे रस्ते वेगळे होते, माणसे वेगळी होती. पण ज्याला कुणी माणूस म्हणून मोजले नव्हते त्याला मोजायला दोन्हींकडे सुरुवात झाली.

याच वेळी अनुताई वाघ या कामात आल्या. त्यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळातल्या बालविधवेच्या वाट्याला जे यायचे ते अनुताईंच्या वाट्यालाही आले असते; शिक्षणाने त्यांना त्यातून बाहेर काढले. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. कस्तुरबा निधीच्या वतीने १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचे शिबिर भरले, तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पुण्याची कायम नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या, त्या कायमच्याच.

पोरे येत नव्हती

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली मुले आली. पाड्यावरची आली नाहीत.

बोलावणी झाली, घरोघर जाऊन विनवण्या झाल्या. एखाद-दुसरे मूल दोन दिवस यायचे आणि तिसऱ्या दिवशी दिसेनासे व्हायचे. कारणे शोधायला लागल्यावर एकेक समजत गेले. पाडा दूर, लहान पोराला तिथून चालत आणायला कुणाला सवड नाही. आईबाप पहाटेच गवत कापायला किंवा वाडीवर कामाला गेलेले. अंगावर कपडा नाही, म्हणून गावातल्या मुलांत बसायची लाज. शिवाशिवीची भीती वेगळी. आणि बंद खोलीत, अनोळखी बाईसमोर बसायचे, हेच मुळात त्या मुलाला परके. उघड्यावर वाढलेल्या पोराला चार भिंतींचा धाक वाटणारच.

तिथे या दोघींनी निर्णय घेतला की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने पाड्यावर जायचे. हे वाक्य आता भाषणांत ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. पण त्याचा रोजच्या कामातला अर्थ काय होता, ते जवळून पाहण्यासारखे आहे.

सकाळी सेविका पिशवी घेऊन निघायची. पिशवीत कंगवा, साबण, नखे कापायची कात्री, फडकी, चार खेळणी. पाड्यावर पोचल्यावर एखाद्या झोपडीचे शेणाने सारवलेले अंगण बघायचे, नाहीतर आंब्याचे झाड. आधी आवाज लावून गाणे म्हणायचे. गाणे ऐकून पोरे कुडाआडून डोकावायची, हळूहळू जवळ यायची. मग एकेकाचे हातपाय धुवायचे, नाक पुसायचे, केस विंचरायचे, नखे कापायची. हे करताना बोलायचे, नाव विचारायचे, हसवायचे. कुणी रडले तर त्याला सोडून द्यायचे, उद्या पुन्हा यायचे. त्यानंतर गोष्ट, खेळ, बडबडगीते. वस्तू लावायच्या, मोजायच्या, रचायच्या. तास-दोन तासांत आटोपून पुढच्या पाड्याला निघायचे.

त्या धुण्या-पुसण्यात केवळ आरोग्याचे काम नव्हते. ज्या पोराच्या अंगाला परक्या माणसाने आजवर ढकलण्यापुरताच हात लावला असेल, त्याचे केस एक शिकलेली बाई मांडीवर घेऊन विंचरते आहे, हा त्या पाड्याला मिळालेला पहिला धडा होता. दारात उभी राहून आई ते बघत होती. आजी बघत होती. आठवड्याभराने आईच पोराचे तोंड धुऊन त्याला अंगणात आणून सोडू लागली. शिक्षण मुलापुरते राहिले नाही, ते घरात शिरले.

अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. बालवाडीच्या खोलीत मूल येते तेव्हा घर बाहेर राहते. अंगणात मात्र घर सोबत असते, आईची भाषा सोबत असते, शेळी, कोंबडी, चूल सगळे सोबत असते. माँटेसरींचे पहिले बालगृहही मुलांच्या चाळीतच, आईबापांच्या हाकेच्या अंतरावर होते. शहरात हरवलेली ती मूळ गोष्ट बोर्डीच्या पाड्यांवर पुन्हा सापडली.

पेटीतली साधने परसात

पुढचा अडसर साधनांचा. दट्टापेट्या घ्यायला पैसे नव्हते, आणि घेतल्या असत्या तरी त्या पाड्यावर वाहून कोण नेणार? मग विचार मागे वळला. दट्टापेटी कशासाठी असते? जाड-बारीक, उंच-ठेंगणे हे भेद बोटांना कळावेत म्हणून. रंगपेटी कशासाठी? एका रंगाच्या छटा डोळ्यांना ओळखता याव्यात म्हणून. इंद्रियशिक्षणाचा हेतू एकदा पक्का झाला की साधन कुठलेही चालते.

बोर्डीचा किनारा शंखशिंपल्यांनी भरलेला होता. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, पांढरे-करडे शिंपले म्हणजे आयता संच. चिंचोके, गुंजा, सागरगोटे मोजायला आणि रांगा लावायला. पाने आकार आणि छटा ओळखायला. बांबूची कांडकी लांबीच्या क्रमाने लावायला. ओढ्यातले गोटे जड-हलके सांगायला. माती तर हवी तेवढी.

इथे एक खोलवरचा बदल झाला. पेटीतले साधन हरवले की खेळ थांबतो. पण चिंचोक्यांचा खेळ सेविका निघून गेल्यावरही चालू राहतो. धाकट्याला घेऊन बसलेली सहा वर्षांची बहीण दुपारी अंगणात तोच डाव पुन्हा मांडते. वारली मूल या वस्तूंशी आधीपासून खेळतच होते. बाईंनी त्याच्याच हातातली वस्तू शिकण्याची म्हणून उचलली, तेव्हा त्या मुलाला आपल्याजवळही काही आहे हे कळले. गरीब मुलाला शाळेत पहिल्यांदा कळते ते बहुधा त्याच्याजवळ काय नाही तेवढेच. या अंगणवाड्यांत उलटे घडले. बालशिक्षणाच्या इतिहासात माझ्या मते कोसबाड-बोर्डीची सर्वांत मोठी देणगी हीच आहे. स्वस्तातली साधने हा तिचा फक्त वरवरचा भाग.

टेकडीवर

१९५६-५७च्या सुमारास केंद्र कोसबाडला हलले. बोर्डी गाव होते, कोसबाड आदिवासींच्या मधोमध. टेकडीवर कृषिसंस्था होती, पण पाड्यावरच्या मुलांसाठी फारसे काही नव्हते. आता बालवाडीच्या वयापुढच्या मुलांचाही प्रश्न सामोरा आला. कारण अंगणवाडीत रमलेले पोर सात-आठ वर्षांचे झाले की पुन्हा नाहीसे व्हायचे. ते गुरे वळायला जायचे.

या प्रश्नाचे वय मोठे आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट नोंदवले होते की गरीब शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुलांची गरज असते, म्हणून ती शाळेत येत नाहीत. त्यानंतर आयोग झाले, कायदे झाले, शाळा वाढल्या. शाळेची वेळ मात्र अकरा ते पाचच राहिली, आणि गुरे चरायची वेळही तीच.

कोसबाडने यावर कुरणशाळा काढली. गुरे कुरणात चरत असतात तेव्हा गुराखी पोरांना बऱ्यापैकी मोकळा वेळ असतो. शिक्षकाने त्यांच्यासोबत कुरणात जायचे. एका पोराने गुरांवर लक्ष ठेवायचे, बाकीच्यांनी झाडाखाली जमायचे, मग पाळी बदलायची. किती गुरे आली, किती ओढ्यावर गेली, उरली किती, हे रोजचे गणित. काठीने मातीत अक्षरे. गवतांची नावे आणि पाखरांचे आवाज यांत तर पोरेच शिक्षकाला शिकवणार. पाऊस आला तर खोपट, नाहीतर सुट्टी. ज्याला दिवसा मुळीच सवड नाही त्याच्यासाठी रात्रीचे वर्ग.

कुरणशाळेकडे एक गमतीदार प्रयोग म्हणून पाहिले जाते, ते बरोबर नाही. तिच्यामागे शिक्षणाचा एक पक्का विचार उभा आहे. मुलाचे काम आणि मुलाचे शिकणे यांत भांडण लावले की गरीब घरात नेहमी कामच जिंकते, कारण पोट कामावर चालते. म्हणून शिकणे कामाच्या पोटात नेऊन ठेवायचे. मुलांनी जन्मभर गुरेच राखावीत, असे ताराबाईंना मुळीच वाटत नव्हते. गुरे राखणारे मूल शाळेची वाट चालू लागेपर्यंत त्याची ही वर्षे वाया जाऊ नयेत, एवढीच धडपड होती.

आणखी एक अडचण पाड्यावरच्या मुलींची. पाठीवर भावंड बांधलेली मुलगी शाळेत येणार कशी? तिला वर्गात घ्यायचे तर भावंडाला कुठेतरी ठेवायला हवे. म्हणून पाळणाघर. अशा रीतीने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांना जोडून उभ्या राहिल्या. या एकत्रित रचनेला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, ताई चौथीत, आणि तिघे संध्याकाळी एकत्र घरी. शिक्षणखात्याच्या कागदावर हे तीन वेगवेगळे विभाग असतात. घरासाठी ते एकच बिऱ्हाड असते. कोसबाडने घराकडून विचार केला.

या सगळ्याला माणसे लागत होती, म्हणून सेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या बाया थोड्या, त्यातून टिकणाऱ्या आणखी थोड्या. पाड्यावरच्याच मुलींना तयार करणे हाच टिकाऊ मार्ग होता. १९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले.

शिकत राहिलेली शिक्षिका

शिक्षणाने माणूस कसा वाढतो, याचा पुरावा मुलांमध्ये शोधतो तसा शिक्षकांमध्येही शोधायला हवा. अनुताईंचे आयुष्य हा तसा पुरावा आहे.

दिवसा हुजूरपागेत शिकवून त्या रात्रशाळेत शिकल्या आणि १९३७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी मॅट्रिक झाल्या. पुढचे शिक्षण राहून गेले. कोसबाडच्या टेकडीवर पाड्यांचा, गुरांच्या वेळांचा, सेविकांच्या अडचणींचा संसार सांभाळत असताना त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी पदवी मिळवली. तोवर त्यांच्या हाताखाली कितीतरी सेविका तयार झाल्या होत्या. पदवीवाचून त्यांचे काही अडले नव्हते. तरी त्या शिकल्या.

ज्या बाईला स्वतःला परीक्षेची धाकधूक ठाऊक आहे, मोठ्या वयात नवे काही डोक्यात शिरताना होणारी ओढाताण ठाऊक आहे, तिला पाटीसमोर गोंधळलेले पोर वेगळेच दिसते. शिकवणारा शिकणे थांबवतो त्या दिवशी त्याचा धीर संपतो आणि छडी हातात येते. अनुताईंच्या कामात अखेरपर्यंत जी माया होती तिचे एक मूळ इथे आहे. पुढे त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आपली वाटचाल सांगितली. मराठीतल्या शिक्षकांच्या आत्मकथनांत त्याची जागा पहिल्या रांगेतली आहे.

ताराबाईंनंतर

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला ती देशातल्या ३३ प्रकल्पक्षेत्रांत होती. योजनेच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव दिले गेले ‘अंगणवाडी’. डहाणूच्या पाड्यांवर रुजलेला मराठी शब्द तामिळनाडूपासून आसामपर्यंत पोचला.

केंद्राची धुरा अनुताईंनी सांभाळली. १९८२ मध्ये त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही संस्था उभी केली आणि डहाणू तालुक्यातच ऐने इथे रचनावादी शिक्षणाचे प्रयोग पुढे गेले. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी एकाच तालुक्याला दिली होती.

देशभरच्या अंगणवाड्यांचा हिशोब मांडताना दोन्ही बाजू सांगायला हव्यात. पोषक आहार, लसीकरण, वजनकाटा, गरोदर बायांची नोंद या कामांत अंगणवाडीताईंनी जे उभे केले त्याला तोड नाही. तुटपुंज्या मानधनावर, नोंदवह्यांच्या ओझ्याखाली, कोविडच्या दिवसांत दारोदार फिरून त्यांनी हे केले. पण वाडी राहिली आणि त्यातले अंगण आकसले. कित्येक ठिकाणी मुले आहार घेतात आणि घरी जातात. भिंतीवर प्राण्यांची रंगीत चित्रे असतात, हातात काही नसते. ताईंचा दिवस माहिती भरण्यात जातो आणि गाण्याला वेळ उरत नाही. ज्या अंगणवाडीची सुरुवात गाण्याने झाली तिथे गाणेच मागे पडावे, हे दुःखाचे आहे, आणि यात ताईंचा दोष सर्वांत कमी आहे.

२००९चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढचा विचार करतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकत्र घेऊन पायाभूत टप्पा मानला, अंगणवाडीला त्यात सामील केले आणि लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला. कोसबाडच्या विकासवाडीत हे सगळे साठ-सत्तर वर्षांपूर्वी चालू होते. धोरण चांगले आहे. मात्र धोरण दिल्लीत ठरते आणि मूल अंगणात असते. मधली वाट कुणाला तरी पिशवी घेऊन पायी चालावी लागते.

या वाटचालीतून कोसबाडची नक्कल करायला कुणी शिकू नये. आजचा पाडा १९४५चा नाही. गुराखी पोरे कमी झाली. पण ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामाच्या जागी मुले आजही आहेत आणि त्यांच्याही शाळेची वेळ आईबापांच्या कामाच्या वेळेशी जुळत नाही. तिथे कुरणशाळा चालणार नाही, तिथली शाळा तिथेच शोधावी लागेल. ती शोधायची रीत मात्र ताराबाई आणि अनुताई देऊन गेल्या आहेत. मूल का येत नाही ते त्याच्या घरी जाऊन विचारायचे, आणि उत्तर मिळाले की आधी आपण बदलायचे.

हे वाचणाऱ्याला एकच विनंती. आपल्या गावातली, आपल्या वॉर्डातली अंगणवाडी घरापासून लांब नसते. एका सकाळी तिथे जा. देणगीची पावती, फोटो, भाषण काही नको. ओंजळभर चिंचोके, मूठभर शिंपले, चार बांबूची कांडकी घेऊन जा, ताईंना काय हवे ते विचारा आणि मुलांसोबत तासभर जमिनीवर बसा. तुम्हाला एखादे बडबडगीत येत असेल तर ते म्हणा.

अंगणवाडीची सुरुवात एवढ्यावरच झाली होती.